उत्तर 'नाही' आलं तर ते कुठे दिसेल? एका गाजलेल्या पुस्तकाची उलटतपासणी

पीएच.डी.साठी मी जो पहिला सिनॉप्सिस लिहिला, त्याचं शीर्षक तुम्हाला ओळखीचं वाटेल: 'एंटरप्राइझ आर्किटेक्चरचा व्यवसाय व माहिती तंत्रज्ञान यांच्या अलाइनमेंटवर होणारा परिणाम: पुणे परिसरातील निवडक कंपन्यांचा अभ्यास'. पाच बिंदूंची लिकर्ट स्केल, अडीचशे आयटी मॅनेजर, एसपीएसएस, आणि शेवटी 'परिणाम सकारात्मक आहे' असा निष्कर्ष. खरं सांगायचं तर निष्कर्ष मी सिनॉप्सिसमध्येच जवळजवळ लिहून टाकला होता.

समितीत बाहेरून आलेले एक सर होते. त्यांनी प्रश्नावली शांतपणे वाचली आणि एकच विचारलं, "तुमचं उत्तर 'नाही' असतं, तर ते तुम्हाला यात कुठे दिसलं असतं?"

मी गप्प. गाईड मॅडमही गप्प. सिनॉप्सिस परत आला, आणि त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे सात महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे. ज्या पुस्तकाच्या आधारावर माझा सिनॉप्सिस उभा होता, ते पुस्तक आज आपण नीट तपासू. पुस्तक वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. उलट या विषयावरचं ते सर्वांत उपयोगी पुस्तक आहे असं मला आजही वाटतं. पण आपण त्याच्याकडून जे मागतो, ते त्यात नाही.

आधी दोन शब्द समजून घेऊ

एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणजे काय? सोप्या भाषेत, एखाद्या संस्थेची कामं, माहिती, सॉफ्टवेअर आणि यंत्रणा एकमेकांना कशी जोडलेली आहेत आणि पुढे कशी जोडलेली असायला हवीत, याचा आराखडा. या विषयाची सुरुवात बहुतेक जण जॉन झॅकमन यांच्या १९८७च्या लेखापासून धरतात. तो 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये आला होता. पुढे १९९५मध्ये द ओपन ग्रुप या संस्थेने टोगॅफ ही चौकट आणली. तिचा पाया अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका जुन्या चौकटीत होता. हे लक्षात ठेवा, संरक्षण खातं पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरा शब्द अलाइनमेंट. मी त्याला 'सांगड' म्हणतो. कंपनीला जे करायचंय आणि तिचं तंत्रज्ञान जे करू देतंय, त्यांची सांगड. इथे सगळे जण हेंडरसन आणि वेंकटरामन यांचा १९९३चा लेख उद्धृत करतात. तोही त्याच 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मधला. त्यात चार चौकोन आहेत: व्यवसायाची रणनीती, तंत्रज्ञानाची रणनीती, संस्थेची अंतर्गत रचना आणि तंत्रज्ञानाची अंतर्गत रचना. या चौघांचा मेळ कसा बसतो, हा लेखाचा प्रश्न.

आता एक गंमत बघा. आपल्याकडच्या प्रबंधांत या लेखाचा सारांश बहुतेक वेळा एका ओळीत येतो: 'तंत्रज्ञानाने व्यवसायाच्या मागे चालावं.' मूळ लेखात तसं नाही. त्यात सांगड घालण्याचे चार मार्ग दिलेत. त्यांतले दोन व्यवसायाच्या रणनीतीपासून निघतात आणि दोन तंत्रज्ञानाच्या रणनीतीपासून. म्हणजे कधी कधी तंत्रज्ञानच व्यवसायाला नवी दिशा दाखवतं, हे लेखकांनी १९९३मध्येच मांडलेलं आहे. हा अर्धा लेख आपण दुसऱ्याच्या प्रबंधातून सारांश उचलताना हरवतो. मीही हरवला होता.

पुस्तक काय म्हणतं

पुस्तकाचं नाव 'एंटरप्राइझ आर्किटेक्चर ॲज स्ट्रॅटेजी'. लेखक जीन रॉस, पीटर वाइल आणि डेव्हिड रॉबर्टसन. साल २००६.

या पुस्तकाची खरी ताकद दोन प्रश्नांत आहे. पहिला: तुमच्या वेगवेगळ्या विभागांनी काम एकाच पद्धतीने करायला हवं का? दुसरा: एका विभागाची माहिती दुसऱ्याला लागते का? पहिला प्रश्न प्रमाणीकरणाचा, दुसरा एकात्मीकरणाचा. दोन्हींची उत्तरं 'कमी' किंवा 'जास्त' अशी द्यायची, की चार प्रकार तयार होतात. पुस्तक त्यांना ऑपरेटिंग मॉडेल म्हणतं.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. समजा एका मिठाईवाल्याच्या वीस शाखा आहेत. बाकरवडी सगळीकडे एकाच चवीची हवी, बिलिंगही एकाच पद्धतीचं हवं. पण कोथरूडच्या शाखेत काल कुणी काय घेतलं, हे ठाण्याच्या शाखेला कळायची गरज नाही. इथे प्रमाणीकरण जास्त, एकात्मीकरण कमी. याला पुस्तक 'रेप्लिकेशन' म्हणतं. आता बँक घ्या. पूर्वी पासबुक भरून घ्यायला आपल्याच शाखेत जावं लागायचं. कोअर बँकिंग आल्यावर कुठल्याही शाखेत खातं दिसू लागलं, आणि खातं उघडण्यापासून पैसे काढण्यापर्यंतची पद्धतही सगळीकडे एक झाली. इथे दोन्ही जास्त. हे 'युनिफिकेशन'. माहिती एकमेकांना लागते पण कामाच्या पद्धती वेगळ्या, ते 'कोऑर्डिनेशन'. दोन्ही कमी, म्हणजे एकाच मालकाचे पण एकमेकांशी संबंध नसलेले धंदे, ते 'डायव्हर्सिफिकेशन'.

पुस्तकाचा मुद्दा असा की आधी हे ठरवा, मग सॉफ्टवेअर घ्या. मिठाईवाल्याने बँकेसारखी यंत्रणा उभी केली तर पैसे वाया जातील. बँकेने मिठाईवाल्यासारखी केली तर ग्राहक वाया जातील.

इथवर मला काहीच आक्षेप नाही. आणि अजून एक गोष्ट, जी मी दुसऱ्या वाचनात पाहिली. हे लेखक रणनीतीशी थेट सांगड घालायला सांगतच नाहीत. त्यांचं म्हणणं असं की रणनीती वारंवार बदलते आणि बऱ्याचदा धूसर असते. प्रत्येक नव्या घोषणेमागे तंत्रज्ञान धावलं की ते कायम मागेच राहतं. म्हणून रणनीतीपेक्षा स्थिर असलेलं काहीतरी पकडा, आणि ते म्हणजे ऑपरेटिंग मॉडेल. म्हणजे 'आर्किटेक्चरमुळे रणनीतीशी सांगड बसते' या वाक्यापुढे आपण ज्या पुस्तकाचा संदर्भ देतो, त्या पुस्तकाला त्या वाक्याबद्दल स्वतःचीच शंका आहे.

पहिला आक्षेप: यश कुठे मोजलं?

पुस्तकातलं एक गाजलेलं उदाहरण डेल्टा एअरलाइन्सचं. संपूर्ण कंपनीचं काम एका पानावरच्या आकृतीत बसवलं, त्या आकृतीवर वरिष्ठ मंडळींचं एकमत झालं, आणि त्यातून तंत्रज्ञानाचा पाया उभा राहिला. वाचताना आपण भारावून जातो. मीही गेलो होतो, आकृती वहीत काढूनही घेतली होती.

आता तारीख बघा. डेल्टाने दिवाळखोरीतून संरक्षण मिळवण्यासाठी अर्ज केला तो सप्टेंबर २००५मध्ये. पुस्तक आलं २००६मध्ये.

घाई करू नका. यावरून 'आर्किटेक्चर फसलं' असं सिद्ध होत नाही. त्या काळात इंधन महागलं होतं, स्वस्त विमान कंपन्यांची स्पर्धा होती, पेन्शनचा बोजा होता. आर्किटेक्चर नसतं तर डेल्टा कदाचित आधीच कोसळली असती. पण नेमका हाच प्रश्न आहे. आकृती चांगली आणि कंपनी दिवाळखोर, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मग 'यश' म्हणजे काय? विमानतळावरच्या कर्मचाऱ्याला योग्य माहिती वेळेवर मिळणं? तंत्रज्ञानावरचा खर्च कमी होणं? की नफा? तीन वेगळी यशं आहेत, आणि तिन्हींची कारणं वेगळी. पुस्तक व्यवस्थापकांसाठी लिहिलंय, त्यांना ही सरमिसळ चालून जाते. संशोधकाला चालत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'ऑर्गनायझेशनल परफॉर्मन्स' असा शब्द असेल तर त्याखाली आत्ताच पेन्सिलने रेघ मारा.

शिवाय पुस्तकातली बरीचशी उदाहरणं जमलेल्या गोष्टींची आहेत. ज्यांना जमलं त्यांच्याकडे चांगला आराखडा होता, हे कळलं. ज्यांना जमलं नाही त्यांच्याकडेही तसाच आराखडा होता का? ते पाहिल्याशिवाय आराखड्यामुळे जमलं असं म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप: आराखडा असणं आणि वापरला जाणं

'तसाच आराखडा होता का' याचं एक ठळक उदाहरण अमेरिकी संरक्षण खात्याचं. ही कंपनी नाही, सरकारी खातं आहे, हे मान्य. पण त्याची कागदपत्रं उघड आहेत, म्हणून आपल्या कामाचं.

अमेरिकेत १९९६च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने सरकारी खात्यांच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यांवर आर्किटेक्चरची जबाबदारी टाकली. २००१मध्ये जीएओने, म्हणजे साधारण आपल्या कॅगसारखं काम करणाऱ्या संस्थेने, संरक्षण खात्याला सांगितलं की आर्थिक कारभार सुधारायचा तर आधी आर्किटेक्चर हवं. नंतर संसदेने ते कायद्यानेच बंधनकारक केलं. काम सुरू झालं, आराखड्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. २०१३मध्ये त्याच जीएओने हिशेब मांडला: दहा वर्षांहून जास्त काळ आणि किमान ३७.९ कोटी डॉलर खर्च झाले, पण कुठल्या प्रकल्पाला पैसे द्यायचे आणि कुठल्याला नाही, हे ठरवताना या आराखड्याचा उपयोग मर्यादितच राहिला. २०१८मध्ये खात्याचं पहिलं संपूर्ण लेखापरीक्षण झालं, त्यातही त्याला निर्दोष शेरा मिळाला नाही.

आता माझी जुनी प्रश्नावली या खात्याला पाठवली असती तर? 'तुमच्या संस्थेत लिखित एंटरप्राइझ आर्किटेक्चर आहे.' पाच गुण. 'त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे.' पाच गुण. 'वरिष्ठांचा पाठिंबा आहे.' कायदाच आहे, म्हणजे पाच. माझ्या एसपीएसएसमध्ये हे खातं आदर्श ठरलं असतं!

आणि इथे पुस्तकाला न्यायही द्यायला हवा. त्यातले दोन प्रश्न या खात्याला लावून बघा. लष्कर, नौदल, हवाई दल यांनी खरेदी, पगार, साठा ही कामं एकाच पद्धतीने करायची का? एकमेकांची माहिती किती लागते? माझ्या वाचनाप्रमाणे हा वाद आधी सुटायला हवा होता. तो आराखड्याने सुटेल असं धरलं गेलं. आकृती काढून भांडण मिटत नाही, भांडण मिटलं की आकृती काढता येते. ही गोष्ट पुस्तकातच आहे, पण आपण ती सोडून 'आर्किटेक्चर असलं की सांगड बसते' एवढंच उचलतो.

तिसरा आक्षेप आपल्यावर: दोन्ही बाजूंना एकच गोष्ट

आता त्या सरांच्या प्रश्नाकडे येतो. माझं उत्तर 'नाही' का येऊ शकत नव्हतं?

सांगड मोजायला मी जेरी लुफ्टमन यांचं २०००चं मॉडेल घेतलं होतं. खूप वापरलं जातं, तुमच्याही हाती येईल. त्यात सांगडीची परिपक्वता सहा निकषांवर आणि पाच पातळ्यांवर मोजतात. सहा निकष असे: संवाद, मूल्यमापन, कारभाराची पद्धत, भागीदारी, कौशल्यं, आणि तंत्रज्ञानाची व्याप्ती व आर्किटेक्चर.

शेवटचा शब्द पुन्हा वाचा.

माझ्या प्रश्नावलीच्या पहिल्या भागात आर्किटेक्चर किती चांगलं ते विचारलं होतं. दुसऱ्या भागात सांगड किती चांगली ते विचारलं होतं, आणि त्या सांगडीच्या व्याख्येतच आर्किटेक्चर बसलेलं होतं. मग पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध आहे असं निघणारच! उसाच्या रसात साखर आहे का ते तपासायला आधी स्वतःच दोन चमचे साखर घालण्यासारखं आहे हे. लुफ्टमन यांचा यात दोष नाही. त्यांनी मॉडेल कंपन्यांना स्वतःची तपासणी करता यावी म्हणून दिलं. ते कार्यकारण शोधायला वापरायचं मी ठरवलं.

त्यात भर म्हणजे दोन्ही भाग भरणारा माणूस एकच, आयटी मॅनेजर. आपल्याच खात्याच्या आराखड्याला पाच देणारा माणूस सांगडीला दोन कशाला देईल? मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण 'कॉमन मेथड बायस' पाठ करतो. स्वतःच्या प्रश्नावलीत तो दिसत नाही.

मग सांगड असते तरी कुठे?

दोन लेख वाचा, पुस्तकाच्या शेजारी ठेवून.

पहिला क्लाउडिओ सिबोरा यांचा, १९९७चा. सांगड ही गोष्ट संशोधकांनी चौकोन आणि रेषांमध्ये इतकी अमूर्त करून ठेवली आहे की प्रत्यक्ष कामाच्या जागी ती सापडतच नाही, असा त्यांचा हल्ला आहे. तिथे माणसं जुगाड करतात, तंत्रज्ञान ठरवल्यापेक्षा भलतीकडेच वाहवत जातं, आणि तरी काम चालतं. सिबोरांचं सगळं पटलं पाहिजे असं नाही. मला स्वतःला ते आराखड्यांना जरा जास्तच झोडपतात असं वाटतं. कोअर बँकिंग नुसत्या जुगाडाने उभं राहत नाही. पण चौकोन म्हणजे वास्तव नव्हे, हे त्यांच्याइतकं रोखठोक फार कुणी सांगितलेलं नाही.

दुसरा ब्लेझ रायश आणि इझाक बेनबासाट यांचा, २०००चा. कॅनडातल्या आयुर्विमा कंपन्यांत जाऊन त्यांनी व्यवसायाची आणि तंत्रज्ञानाची, दोन्हीकडची माणसं गाठली. थोड्या मुदतीच्या सांगडीवर चार गोष्टींचा परिणाम दिसला: एकमेकांच्या कामाची समज, आधीचे प्रकल्प यशस्वी होण्याचा इतिहास, संवाद, आणि दोन्हीकडच्या नियोजनाची जोडणी. लांब मुदतीच्या सांगडीवर मात्र एकाच गोष्टीचा: एकमेकांच्या कामाची समज. विम्याचा माणूस सॉफ्टवेअर किती जाणतो आणि सॉफ्टवेअरचा माणूस विमा किती जाणतो.

आता डेल्टाची ती एका पानाची आकृती पुन्हा आठवा. कदाचित तिची किंमत कागदावर काय होतं यात नव्हतीच. ती काढण्यासाठी जी माणसं एका टेबलाशी बसली आणि 'आपलं काम नक्की काय' यावर भांडली, त्या भांडणात असेल. असं असेल तर आराखडा तयार करून घ्यायचं काम बाहेरच्या सल्लागाराला दिलं की कागद हातात येतो, समज येत नाही. हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण हा असा तर्क आहे ज्याचं उत्तर 'नाही' येऊ शकतं, आणि तेच मला हवं होतं.

माझा नवा प्रश्न

मी प्रश्नावली टाकून दिली. आता मी निर्णय बघतो. कंपन्यांमध्ये नव्या प्रकल्पांची तपासणी करणारी आर्किटेक्चरची समिती असते. तिच्यासमोर किती प्रस्ताव आले? किती बदलले गेले? किती थांबले? आणि महत्त्वाचं म्हणजे नियमातून किती जणांना सूट मिळाली, ती कुणी मागितली, काय कारण देऊन? आराखडा असूनही एकही प्रस्ताव बदलला नसेल आणि सूट मागेल त्याला मिळत असेल, तर तिथे माझं उत्तर 'नाही' आहे. ते मला बैठकीच्या इतिवृत्तात दिसेल.

तोटेही सांगतो. अडीचशे कंपन्या तर सोडाच, दोन कंपन्यांची इतिवृत्तं मिळवतानाच नाकी नऊ आलेत. गोपनीयतेच्या कागदांवर सह्या करून हात दुखले. सार्वत्रिक निष्कर्ष काढता येणार नाही. समितीने विचारलं तर मी तसंच सांगणार आहे. ज्यांना कंपन्यांची दारं उघडणं कठीण वाटतं, त्यांनी सरकारी कागदपत्रांकडे बघा. आपल्याकडेही केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८मध्ये इंडिया म्हणजे 'इंडईए' ही सरकारी कारभारासाठीची चौकट आणली. ती असण्याने खात्यांच्या खरेदीचे निर्णय बदलले का, हा प्रश्न निविदांच्या कागदांवरून विचारता येईल.

पुस्तक वाचू का, असं तुम्ही विचाराल. जरूर वाचा. त्यातले दोन प्रश्न घ्या, चार प्रकार घ्या, ते तुम्हाला कुठलीही संस्था समजून घ्यायला उपयोगी पडतील. त्यातली उदाहरणं पुरावा म्हणून मात्र घेऊ नका. आणि रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये त्याचं नाव लिहिण्याआधी ते मूळ काय म्हणतं तेवढं बघा.

आज झोपण्यापूर्वी एक काम करा. तुमचा विषय एका वाक्यात लिहा. त्याखाली लिहा: 'उत्तर नाही आलं, तर ते मला अमुक ठिकाणी दिसेल.' 'अमुक'च्या जागी काही सुचलं नाही तर घाबरू नका, पण प्रश्नावली छापायलाही टाकू नका. फॉर्म भरण्याआधी हे करणं सोपं असतं. मी समितीसमोर उभा राहून केलं.